धागे जोडल्याबद्दलचा खुलासा

नंदनवन, नागपूर
रविवार, १९ फेब्रुवारी १९८४

तीर्थस्वरूप कौसल्याताईस,

धाकटा भाऊ बाबन याचा दोन्ही हात जोडून, आणि मान या वेळी जरा जास्तच खाली घालून, नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. वच्छला माझ्याशी कामापुरतं बोलते (भाजीत मीठ बरोबर आहे का असं विचारते आणि उत्तर ऐकायला थांबत नाही). माझी तब्येत उत्तम आहे, फक्त जेवण जात नाही आणि झोप लागत नाही. तुझ्याकडे भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, विणायला मागाच्या खड्ड्यात उतरताना डावा पाय आधी टाकत जा. आपले बाबा तसंच करायचे आणि सत्तराव्या वर्षापर्यंत त्यांचा गुडघा कुरकुरला नाही. तुझी शेळी व्याली का? व्याली असेल तर चीक एकट्यांनीच खाऊ नका.

आता आमच्या चारुलतेबद्दल. ती तुझ्याकडे आहे हे मला माहीत आहे. सांगू नको म्हणून तिने तुला शपथ घातली असेल तर ती मोडायची गरज नाही. उमरेडच्या गाडीवरचा कंडक्टर आमच्याच ओळीत राहतो. त्याने सांगितलं की गुरुवारी दुपारी पोरगी खिडकीजवळ बसली होती, पाचगावला तिने फुटाणे घेतले आणि ती रडत नव्हती. मी त्याला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "काका, मी तिकिटं फाडू का पोरीचं तोंड पाहत राहू?" तेव्हा रडत नव्हती असं धरून चालतो.

तिने तिची बाजू तुझ्यापुढे मांडली असेलच. म्हणाली असेल, बाबांनी माझं काम बुडवलं, सहा महिन्यांची मेहनत मातीत घातली, मुंबईच्या बाईंसमोर माझं नाक कापलं. ताई, तू लहानपणापासून आपल्या घरची हायकोर्ट. म्हणून दुसरी बाजूही तुझ्यापुढे यावी. आमच्या कोराडीच्या पॉवर हाउसात माणसाच्या हातून काही बिघडलं की साहेब त्याच्याकडून लेखी खुलासा मागतात. माझ्यावर आलेली पाळी मात्र उलटी आहे. माझ्या हातून काहीही बिघडलं नाही, आणि म्हणून मला खुलासा द्यावा लागतो आहे.

झालं असं की चारूच्या चित्रकलेच्या कॉलेजातले केळापुरे सर गेल्या श्रावणात आपल्या घरी आले. माणूस भला. दाढी, झोळी, आणि पोहे दोनदा घेतले. त्यांनी समजावलं की आजवर कलेने जे जमलं तेच दाखवलं, आता जे जमत नाही ते दाखवायचं. जे डगमगतं, जे कोसळतं, ज्याचा कोणाला काडीचा उपयोग नाही असा खटाटोप जीव तोडून करायचा आणि तो फसला की लोकांना बोलावून दाखवायचा. प्रदर्शनाचं नावच 'अपयश'. मी म्हटलं, सर, यासाठी हॉल भाड्याने कशाला घेता, तांडापेठेतून एक चक्कर मारा, ज्या घरात पूर्वी चार माग होते तिथे आता पानठेला आहे. मी आपला टोमणा मारला होता. सरांनी तो वहीत उतरवून घेतला.

तर चारूचा खटाटोप असा. आपल्या बाबांचा माग माळ्यावरून काढायचा आणि हॉलमध्ये उभा करायचा. (हॉलच्या सेक्रेटरीकडे तिने फरशी खोदून खड्डा करायची परवानगी मागितली होती. ते गृहस्थ त्यानंतर दोन दिवस रजेवर होते. शेवटी मीच मागाला खालून लाकडी चौकट ठोकून दिली.) पेटीत बारा वर्षं पडलेलं सूत, जे हात लावला तरी तुटतं, ते त्यावर चढवायचं. आणि बाबाने, म्हणजे मी, पाच दिवस लोकांसमोर बसून विणायचं. सूत तुटेल. तुटलं की तुटू द्यायचं, जोडायचं नाही. पाचव्या दिवशी मागावर नुसत्या लोंबणाऱ्या दशा उरतील. मी विचारलं, आणि लुगडं? ती म्हणाली, लुगडं होत नाही हेच तर काम आहे बाबा. पाचव्या दिवशी मुंबईहून निवड करायला एक बाई येणार होत्या. त्यांनी पसंत केलं तर चारूचं काम मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनात जाणार, छापील पुस्तकात नाव येणार. कोष्ट्याच्या पोरीचं. नागपुरातून दुसरं कोणी जाणार नव्हतं.

तू म्हणशील, मग हो कशाला म्हणालास? ताई, कोराडीला लागल्यापासून मला घरात कोणी मागावर बस म्हटलेलं नाही. बारा वर्षांत नळ दुरुस्त कर म्हणाले, सायकल दुरुस्त कर म्हणाले, पंखा दुरुस्त कर म्हणाले. पोरीने सकाळी चहाचा कप पुढे ठेवून म्हटलं, बाबा, तुमचा हात पाहिजे. मी लगेच हो म्हटलं. ऑफिसात रजेच्या अर्जावर 'घरगुती मंगलकार्य' असं कारण लिहिलं. साहेबांनी विचारलं, कोणाचं? मी म्हटलं, मुलीचं. त्यांनी अभिनंदन केलं. आता ते भेटले की जावई काय करतात असं विचारतात.

प्रदर्शन कसं होतं ते सांगतो, म्हणजे माझ्यावर कसा प्रसंग आला ते तुला समजेल. दारातच ऑफिसातल्या मोडक्या खुर्च्यांचा एक मनोरा होता, तो वाकडा रचला होता आणि पाच दिवसांत केव्हातरी कोसळेल अशी पाटी होती. पुढे एक मुलगा होता, तो रोज सकाळी कन्हान नदीचं पाणी चाळणीत घेऊन पायी नागपूरला यायचा. (सोळा-सतरा किलोमीटर. येताना कामठीला चहा घ्यायचा.) हॉलमध्ये आला की कोरडी चाळणी टेबलावर ठेवायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. आणि आमच्या मागाला अगदी लागून गोविंदा नावाच्या पोराने राखेचा डोंगर केला होता आणि वर छताचा पंखा सुरू. दिवसभर डोंगर उडायचा, गोविंदा तो परत रचायचा. राख आमच्याच कोराडीची, ट्रकमधून उतरवून आणलेली. माझ्या आयुष्यातली निम्मी राख मी डोळ्यांतून धुऊन काढली असेल, ती इथे पाटी लावून ठेवली होती.

आता मुख्य मुद्दा. चारू हुशार पोरगी. बापाची खोड तिला माहीत. तिने आदल्या दिवशी घरातली राखेची वाटी लपवून ठेवली. तुला सांगायला नको, बोटाला चिमूटभर राख लावल्याशिवाय तुटलेली सुताची तार पिळून सांधता येत नाही, बोट घसरतं. तिने सगळा विचार केला होता. फक्त शेजारी डोंगर येणार आहे हे तिला माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी पाहुण्यांचं भाषण सुरू होतं. मी तिसऱ्यांदा आडव्या सुताचा धोटा फेकला आणि तार तुटली. ताई, देवाशपथ, मी ठरवून काही केलं नाही. मी भाषण ऐकत होतो. पाहुणे म्हणाले की माणसाने अपयशाला आलिंगन द्यावं, आणि मी खाली पाहतो तर माझा हात शेजारच्या डोंगरात जाऊन परत आलेला आणि तार जोडलेली. तुटलेली तार तशीच टाकून मागावरून उठलं तर आई ताट वाढत नसे. किती वेळा तू मला परसात चोरून भाकरी दिलीस! ज्या हाताला सहाव्या वर्षापासून असं वळण लागलं त्याला चाळिशीनंतर अपयशाला आलिंगन दे म्हटलं तर तो कसा देणार? तो आधी राख शोधतो.

चारू कानाशी येऊन कुजबुजली, "बाबा, तुमी काय करून राहिले? जोडू नका म्हणलं ना मी तुमाले!" मी म्हटलं, चुकलं. आणि तेवढ्यात दुसरी तुटली, तीही जोडली गेली.

दुसऱ्या दिवशी मी निश्चय करून बसलो. तार तुटली की डोळे मिटायचे आणि शंभरपर्यंत आकडे मोजायचे. पहिल्या तारेला तेवीसपर्यंत पोचलो. दुसरीला अकरापर्यंत. मग चारूने माझी उजवी बाही मागाच्या खांबाला दोरीने बांधली आणि धोटा एका हाताने फेकायला सांगितला. हे पाहून लोकांना वाटलं की हाही कलेचाच भाग आहे. एक गृहस्थ फोटो काढून गेले. त्यांचं पाठ फिरवणं आणि माझं दोरी सोडणं एकाच वेळी झालं.

पण मी एकटा गुन्हेगार नाही, हे हायकोर्टाने लक्षात घ्यावं. हॉलमध्ये माग लागला आहे ही बातमी तांडापेठेत गेली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी प्रयागबाई आल्या. (आपल्या आईच्या मैत्रीण, आठवत असतील, ज्यांनी तुझ्या लग्नात वरातीला परत पाठवायची धमकी दिली होती त्याच.) बाई आता सत्तरीच्या, डोळ्याला जाड भिंग. त्यांनी पाटी वाचली नाही, सरांकडे पाहिलं नाही, सरळ ताण्याच्या उभ्या धाग्यांवर हात फिरवला. म्हणाल्या, "काहून गा बाबन, ताणा असा ढिला काहून ठेवला? मशिनीत राहून हात मोडले का तुये?" मी त्यांना समजावलं की हे मुद्दाम आहे, इथे सूत तुटायलाच पाहिजे. त्या माझ्याकडे इतक्या कळवळून पाहू लागल्या की मला वाटलं आता दृष्ट काढतात. घरी गेल्या आणि तासाभराने खळीचं भांडं आणि कुंचा घेऊन परत आल्या. सगळ्या ताण्याला त्यांनी अशी खळ दिली की कुजकं सूतही ताठ उभं राहिलं. सर धावत आले. प्रयागबाईंनी त्यांच्या हातात भांडं दिलं आणि धरायला सांगितलं. सरांनी अर्धा तास धरलं.

मग तर रीघच लागली. नत्थूजी आले. ते चाळीस वर्षं माग लावून देत होते, त्यांना वाकडी वस्तू दिसली की पोटात कळ येते. आत येताना खुर्च्यांचा मनोरा डुगडुगताना दिसला. त्यांनी खिशातून वर्तमानपत्र काढलं, घडी केली, खालच्या खुर्चीच्या पायाखाली सारली आणि पुढे आले. तो मनोरा आजतागायत उभा आहे असं ऐकतो. चाळणीवाला पोरगा घामाघूम होऊन आला तेव्हा प्रयागबाईंनी त्याच्या चाळणीकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि आपला लोटा त्याला देऊन टाकला. पोराला नाही म्हणवेना. चौथ्या दिवशी तो कन्हानचं पाणी लोट्यात घेऊन आला, आणि उकाडा होता म्हणून सगळ्यांनी ते पिऊन टाकलं. गोविंदाने मात्र तक्रार केली की डोंगर पंख्याने उडतो त्यापेक्षा आमच्या बोटांनी जास्त जातो आहे. मग तोच म्हणाला की हे जास्त चांगलं झालं, आणि पाटी बदलली.

अशा रीतीने चौथ्या दिवशी दिवेलागणीला मागावर साडेआठ हात कापड झालं होतं. ताई, सख्खी बहीण म्हणून सांगतो, कुजक्या सुताचं कापड, पण काठ असा सरळ की पट्टी लावावी. मी बारा वर्षांनी माझ्याच हाताकडे पाहत होतो. नत्थूजी काठावरून अंगठा फिरवत राहिले. सगळे खूश होते. एक चारू सोडून. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, हातात पाटी, पाटीवर लिहिलं होतं: 'हे कापड होणार नाही.'

त्या संध्याकाळी घरी येताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली की उद्या मुंबईच्या बाई येणार, बाबा, उद्याचा एक दिवस तरी. मी शब्द दिला. पाचव्या दिवशी मी मनापासून वाईट विणायला बसलो. धोटा मुद्दाम चुकवला तर सवयीने पुढच्या फेकीत तो सुधारला जायचा. काठ ढिला सोडला तर प्रयागबाई बोट घालून सरळ करायच्या. अपयश यायला किती मेहनत लागते हे मला त्या दिवशी कळलं, आणि मला ती मेहनत जमली नाही.

मग मुंबईच्या बाई आल्या. साधी सुती साडी, मोठा चष्मा, बोलायला गोड. त्यांनी पाटी वाचली, कापड पाहिलं, पुन्हा पाटी वाचली. मला विचारलं की मुलीने जोडू नका म्हटलं असताना तुम्ही का जोडता? हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं होती. मी काहीतरी उत्तर दिलं. दोन शब्द इकडचे तिकडे झाले असतील, आता नीट आठवत नाही. लोक हसले. चारूने पाटी खाली ठेवली आणि निघून गेली. मी घरी पोचलो तोवर ती पिशवी घेऊन बसस्टँडवर गेली होती.

एवढाच प्रकार. त्यात माझा दोष किती आणि हाताचा किती, ते तू ठरव. तिला परत पाठव असं मी म्हणत नाही. पोरीला तुझ्याकडे हवापालट होईल. हवे तितके दिवस राहू दे, महिनाभर राहिली तरी हरकत नाही, घरी मुळीच अडलेलं नाही. कलेचा आणि माझा संबंध आता संपला. माग मी परत माळ्यावर टाकणार आहे.

भाऊजींना नमस्कार. शेळीच्या पिलांना पाहायला येणं काही माझ्याने होणार नाही, रजा सगळी अपयशात गेली.

तुझा धाकटा भाऊ,
बाबन

ता. क. चारूचा तपकिरी स्वेटर इथेच राहिला आहे. उमरेडला पहाटे गार असतं. कंडक्टरबरोबर पाठवणार होतो, पण तो म्हणतो सामानाची जबाबदारी घेत नाही. तेव्हा तिनेच येऊन घेऊन जावा हे बरं. आली की दोन दिवस राहिली तरी चालेल. तिची चादर वच्छलेने धुऊन ठेवली आहे.

आणखी एक ता. क. पत्र बंद करत होतो तेवढ्यात केळापुरे सर आले. (पोहे नको म्हणाले, यावरून काय ते समज.) मुंबईच्या बाईंनी चारूचं काम निवडलं आहे. आहे तसं, कापडासकट, खळीसकट. सर म्हणतात, पोरगी तुटू द्यायला बसली आणि सगळा मोहल्ला जोडायला आला, हे त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. नापास व्हायच्या परीक्षेत नापास झाल्याबद्दल पास करतात, मला तर यात काही कळत नाही. त्यांना मुंबईत आठ दिवस माग पाहिजे, मी पाहिजे, आणि समोर पाटी धरून चारू पाहिजे. मी सरांना सांगितलं की पोरगी नसेल तर मी येणार नाही, आणि तिला यायला सांगायचं तोंड मला नाही. माग अजून माळ्यावर टाकलेला नाही. रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे, कारण सुचलं नाही म्हणून कोरं सोडलं आहे.

शेवटचा ता. क., आणि हा आधी लिहायला पाहिजे होता. मी त्या बाईंना काय उत्तर दिलं ते मला नीट आठवतं. मी म्हणालो, बाई, माझ्या पोरीला धोटा धरता येत नाही, आणि ज्याला विणता येत नाही तो मोडण्यालाच कला म्हणतो. असं म्हणालो, तीस-चाळीस माणसांत, आणि लोक हसले तेव्हा मीही हसलो. चारू धागे जोडले म्हणून गेलेली नाही ताई, ती यामुळे गेली आहे. तिने तुला हे सांगितलंच नसेल. बापाची लाज झाकायची तिची जुनी सवय आहे.

काल कापड मागावरून उतरवलं. सवयीने सांधे चाचपत गेलो. माझे सगळे उजव्या पिळाचे. मध्येच बोटाला वेगळं लागलं. डाव्या पिळाचा सांधा. मग दुसरा, तिसरा. तेवीस निघाले. डाव्या हाताने आपल्या घरात फक्त तू सांधतेस, आणि तू तर हॉलमध्ये पाऊल टाकलं नव्हतंस. दर उन्हाळ्यात ही पोरगी तुझ्याकडे महिनाभर काय करत होती ते मला आता कळलं, आणि तुम्ही दोघींनी ते मला का सांगितलं नाही तेही कळलं. मी माग सोडल्यावर घरात त्याचा विषय काढायची बंदी मीच केली होती. मी चहाला उठलो की ती माझ्या जागेवर येऊन बसत असणार. तुटू द्या म्हणणारीच, पण तिच्यानेही पाहवलं नाही.

तेव्हा ताई, तिला हे पत्र वाचून दाखवू नको. बुधवारी पहिल्या गाडीने मीच येतो आहे. मी अंगणात दिसलो की ती मागच्या दाराने निघून जाईल, तेवढं दार लावून ठेव. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. कापड बरोबर आणतो. मला तेवीस सापडले, आणखी असतील तर ते तिनेच मला दाखवावेत.